दोन धावांच्या मधला वेळ : शंकरपट, छकडा आणि दुरुस्त न होणारे इंजिन

शंकरपट पाहणाऱ्याचे डोळे धावेवर खिळलेले असतात. झेंडा पडतो, जोडी सुटते, धुळीचा लोट उठतो आणि रोखलेला श्वास सोडायच्या आत सारे संपलेले असते. पण या खेळाचा इतिहास शोधायचा असेल, तर नजर मैदानाच्या कडेला न्यावी लागते. तेथे एक छकडा आडवा केलेला असतो. कोणी कण्यावर तळहात टेकवून तो किती तापला ते पाहतो, कोणी हातोडीने एकेक आरा वाजवतो. दहा पावलांवर, जू उतरवलेले दोन बैल सावलीत धापा टाकत उभे असतात. आजचा धागा त्या कडेविषयी आहे. मोठा आहे, सवडीने वाचावा.

जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात, धावडा नावाचे गाव आहे. जालना, बुलढाणा आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांचा हा पट्टा शंकरपटाच्या शौकिनांचा. शर्यतीविषयी लिहिताना या गावाच्या नावापाशी थांबण्याचा मोह मला आवरत नाही. मराठीत ‘धाव’ म्हणजे पळणे. पण गाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवतात, तिलाही ‘धाव’च म्हणतात. आणि धावडा हे आपल्या पानगळीच्या रानातले झाड. त्याचा डिंक आपण लाडवांत खातो, त्याचे लाकूड मात्र गाडीवानाच्या कामाचे. कठीण असूनही लवणारे हे लाकूड धक्का सोसते, चटकन तुटत नाही. म्हणून गाडीचे कणे आणि हत्यारांचे दांडे त्याचे करीत. इंग्रजांनी या झाडाला नाव दिले ‘ॲक्सलवुड’, म्हणजे सरळसरळ कण्याचे लाकूड.

या भागातील गाड्यांची लेखी नोंद जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची आहे. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हा ग्रीक भाषेतील व्यापारी मार्गदर्शक ग्रंथ इसवी सनाच्या पहिल्या शतकातला. त्याचा अज्ञात लेखक सांगतो, की पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, येथील माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जाई आणि वाटेत मोठमोठे टापू रस्त्यांविना होते. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या अंतरावर, असा त्याचा हिशेब. भोकरदन हे त्या काळातले भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत त्याचे नाव येते. आता वाचकाने एवढाच विचार करावा : रस्ता नसलेल्या वीस दिवसांच्या वाटेवर कणा मोडला, तर सुतार कोठून आणणार? बंदरी पोचलेली प्रत्येक गाडी वाटेत कित्येकदा दुरुस्त झालेली असणार. इतिहासाच्या पुस्तकांत मालाची यादी येते. वंगणाचे नळकांडे आणि जादा पाचरी त्या यादीत नसतात.

याहून मागे जायचे तर प्रवरेकाठच्या दायमाबादला जावे लागते. १९७४ मध्ये तेथे ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ. चौघांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. बहुतेक अभ्यासक त्यांना उत्तर हडप्पाकालीन मानतात, काहींना हा काळ मान्य नाही. मला त्या रथाची बांधणी महत्त्वाची वाटते. लांबी सुमारे ४५ सेंटीमीटर, रुंदी अवघी १६. लांब दांडी, पुढे जुवाखाली दोन बैल आणि मागे चिंचोळ्या जागेवर उभा असलेला एक माणूस. त्या गाडीत धान्याचे एक पोते ठेवायलाही जागा नाही. ती माल वाहण्यासाठी घडवलेली नाही, एवढे तरी निश्चित. शर्यतीचा छकडा ज्याने जवळून पाहिला आहे, त्याला ही आकृती परकी वाटणार नाही. म्हणून दायमाबादला शर्यती होत, असे मात्र कोणी लिहू नये. साम्य म्हणजे पुरावा नव्हे.

आता चाकाकडे वळू, कारण दोन धावांच्या मधली निम्मी चिंता चाकाची असते. जुन्या पद्धतीचे चाक म्हणजे मध्यभागी तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले परिघाचे लाकडी तुकडे आणि या सर्वांना कवळून धरणारी लोखंडी धाव. धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करतात. गोवऱ्यांच्या भट्टीत तापवून लाल केली की ती फुगते. मग सुतार आणि लोहार मिळून ती सांडशीने चाकावर बसवतात आणि लगेच पाणी ओततात. वाफेचा लोट उठतो, लोखंड आकसते आणि साऱ्या सांध्यांना आवळून घेते. एकही खिळा न मारता चाक एकजीव होते. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाच्या धड्यात हे उदाहरण येते. गावात ते बलुतेदारीत येत असे. सुतार आणि लोहार यांना वर्षभराच्या दुरुस्तीपोटी सुगीला धान्य मिळे. चाक कितीदा ढिले झाले, याचा वेगळा हिशेब नसे.

आणि ते ढिले होतच असे. पावसाळ्यात लाकूड पाणी पिऊन फुगते, थंडी सरता सरता वाळून आकसते. लाकूड आकसले की धाव सैल होते आणि आरे खडखडू लागतात. शंकरपटाचा हंगाम नेमका हाच, सुगीनंतरचा, कोरड्या हवेचा. म्हणजे ज्या दिवसांत चाकाकडून सर्वाधिक मागणी, त्याच दिवसांत ते सर्वांत नादुरुस्त. यावर शेतकऱ्याचा उपाय साधा होता. रात्रभर चाक पाण्यात ठेवायचे, सकाळी लाकूड फुगून सांधे घट्ट झालेले असतात. मैदानावर तेवढा वेळ नसतो. तेथे पाचर ठोकायची, ओले फडके गुंडाळायचे आणि हातोडीच्या आवाजावर भरवसा ठेवायचा. घट्ट आरा टणक वाजतो, सैल आरा बोदा. आज कित्येक छकड्यांना लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि बॉल-बेअरिंगचा कणा असतो, कडेला वेल्डिंगचे यंत्रही असते. कण्यावर तळहात टेकवणे तेवढे बदललेले नाही. बेअरिंग बिघडू लागले की आधी तापते.

दुसरी चिंता तोलाची. गाडी मागे जड झाली की ‘उलाळते’ : दांडी वर उचलली जाते, जू मानेवरून सुटू पाहते आणि गळ्याखालची जुपणी बैलाचा श्वास आवळते. पुढे जड झाली तर सारा भार खांद्यावर येतो. हाकणारा कोठे उभा राहतो, किती वाकतो, यावर हे बरेच अवलंबून. म्हणून एका धावेनंतर दांडीचे बंध सैल करून बोटभर पुढेमागे सरकवण्याचा खटाटोप चालतो. पाहणाऱ्याला तो क्षुल्लक वाटतो.

अगदी हाच खटाटोप पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला मोटारींच्या एका खेळात चालतो. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या मोटारींची इंजिने घरीच सुधारून ओस धावपट्ट्यांवर सरळ रेषेत पळवू लागले. १९५० मध्ये सांता आना येथील विमानतळावर अशा शर्यती तिकीट लावून नियमित सुरू झाल्या, १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी त्यांची राष्ट्रीय संघटना उभी केली. अंतर ठरले पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. याच खेळाला ड्रॅग रेसिंग म्हणतात. आपल्याकडेही लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर हौशी चालकांच्या अशा शर्यती झाल्या आहेत.

तेथेही धाव काही सेकंदांची आणि कडेची गडबड तासाभराची. हौशी चालक बॉनेट उघडून इंजिन निवू देतो. पुढील धावेत थंड, घन हवा आत जावी म्हणून हवेच्या नळीभोवती बर्फाच्या पिशव्या ठेवतो. स्पार्क प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग पाहतो : काजळी धरली असेल तर इंधन जास्त, पांढरा पडला असेल तर कमी. मागच्या टायरमधील हवा थोडी सोडतो, म्हणजे पकड वाढते. जळका वास आला तर क्लच तपासतो. नायट्रोमिथेनवर चालणाऱ्या सर्वांत शक्तिशाली गाड्यांचे व्यावसायिक संघ तर दोन फेऱ्यांच्या मध्ये, सुमारे चाळीस मिनिटांत, अख्खे इंजिन उकलून पुन्हा बांधतात. पिस्टन गेले? बदला. मुख्य अक्षदंडाचे बेअरिंग गेले? बदला.

या खेळातील सर्वांत प्रसिद्ध दुरुस्ती डॉन गार्लिट्स यांची. ८ मार्च १९७० रोजी लाँग बीचजवळच्या लायन्स पट्टीवर सुटतानाच त्यांच्या गाडीचा गिअरचा भाग फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले आणि गार्लिट्स यांनी उजव्या पावलाचा काही भाग गमावला. रुग्णालयात पडल्यापडल्या त्यांनी नवी गाडी योजली. इंजिन चालकाच्या पुढे असते, म्हणून फुटले की त्याच्या अंगावर येते, तर ते मागेच का नेऊ नये? १९७१ मध्ये मागे इंजिन असलेली गाडी घेऊन ते परतले आणि पोमोना येथे जिंकले. काही वर्षांत त्या वर्गातील बहुतेक गाड्यांची रचनाच उलटी झाली.

शंकरपट आणि ड्रॅग रेसिंग यांच्यातील साम्य येथे तुटते. छकड्याचे चाक बदलता येते, कणा बदलता येतो, दांडी सरकवता येते. पण ज्याच्या बळावर तो पळतो, ते ‘इंजिन’ उकलता येत नाही. त्याला फक्त थांबू देता येते.

जुन्या शेतकऱ्याला हे ठाऊक होते, म्हणून बैलाच्या देखभालीचे त्याचे वेगळे पंचांग होते. बैलाचा खूर दुभंगलेला, त्यामुळे एका पायाला दोन पत्र्या आणि एका बैलाला आठ. पत्री मारायची तर बैलाला दोरांनी आडवे पाडावे लागते. दोन धावांच्या मध्ये घाईने उरकण्याचे हे काम नव्हे. खांद्याला सूज आली तर जू उतरवून दिवस मोजण्यावाचून इलाज नसतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी होणारी खांदेमळणी याच जाणिवेतून आली आहे. ज्या खांद्यांनी वर्षभर जू वाहिले, ते हळद-तुपाने किंवा लोण्याने मळायचे आणि बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण द्यायचे. पोळ्याच्या दिवशी त्यांना कामाला लावायचे नाही.

मग न्यायालयात वाद कशाचा होता? माझ्या वाचनानुसार, नेमका याच भेदाचा. ११ जुलै २०११ रोजी केंद्राच्या अधिसूचनेने खेळ-प्रदर्शनासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल आला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ए. नागराज प्रकरणात जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यती यांवर बंदी घातली. न्यायालयाचा एक मुद्दा शरीररचनेचा होता : बैलाचे धड पिंपासारखे, तो ओढण्यासाठी घडलेला, घोड्यासारखा धावण्यासाठी नव्हे. तो धावतो तो भीतीने किंवा वेदनेने. शेपटी पिरगाळणे, टोचणे, विजेचा झटका देणे, ही सारी थकलेल्या जनावराकडून आणखी एक धाव काढण्याची साधने. शौकिनांचे म्हणणे होते, की पटाचा बैल घरच्या लेकरासारखा पोसला जातो. दोन्ही म्हणणी एकाच गावात, कधी एकाच मैदानावर खरी असू शकतात. मैदानाच्या कडेला बसून पाहणाऱ्याला ती वेगळी ओळखता येतात. एक मालक धाव संपताच आधी जू उतरवतो, दुसरा आधी घड्याळ विचारतो.

२०१७ मध्ये महाराष्ट्राने प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. उच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशामुळे शर्यती तरीही थांबलेल्याच राहिल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या सशर्त खुल्या केल्या आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. नियमांत जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आहे, पशुवैद्यकाची तपासणी आहे, चाबूक, काठी आणि विजेचा झटका यांना मनाई आहे, धावपट्टीला १,००० मीटरची मर्यादा आहे. शर्यतीपूर्वीच्या विश्रांतीचीही तरतूद आहे. शतकानुशतके मालकाच्या मर्जीवर असलेला कडेचा वेळ आता कायद्याच्या कक्षेत आला आहे.

बंदीचा काळ साडेसात वर्षांहून थोडा अधिक. शेतकरी बैलाचे वय दातांवरून मोजतो : अदात, दुसा, चौसा आणि सारे दात आले की जुळलेला. मे २०१४ मध्ये जो गोऱ्हा दुसा होता, तो डिसेंबर २०२१ मध्ये दहा वर्षांचा झालेला होता, पळण्याची उमेद संपलेला. त्याच्यासाठी केलेल्या छकड्याची वाळून खडखडणारी चाके मात्र एक रात्र पाण्यात ठेवली की पुन्हा घट्ट होत होती.