आडनाव काय?

आमच्या कुरवंड्यात कुणाला आडनाव विचारावं लागत नाही. लोणावळ्याहून नागफणीकडे जाताना लागणारं गाव. कोण कुणाचा, कुठल्या आळीतला, हे सगळ्यांना ठाऊकच असतं. त्यामुळे हा प्रश्न मी आयुष्यात पहिल्यांदा विचारला तो थेट लंडनमध्ये.

शिकायला आलो तेव्हा चौघांनी मिळून एक घर भाड्याने घेतलं होतं. दोन महिन्यांत एक जण सोडून गेला आणि त्याचं भाडं आम्हा तिघांवर आलं. ग्रुपवर मेसेज टाकला. पहिलंच उत्तर एका मराठी मुलाचं : स्वयंपाक येतो, सिगारेट ओढत नाही. नावापुढे आडनावाचं फक्त पहिलं अक्षर. आमच्यातला एक म्हणाला, "आडनाव विचार ना." मी विचारलं. कशासाठी विचारतोय, ते मला माहीत होतं. त्यालाही कळलं असणार. त्याचं उत्तर आलं नाही.

त्या रविवारी मी १०, किंग हेन्रीज रोडला गेलो. १९२१-२२मध्ये बाबासाहेब आंबेडकर इथे राहिले. महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं आणि २०१५पासून तिथे स्मारक आहे. त्या दिवसांत बाबासाहेब रात्री पापड भाजून भूक मारत अभ्यास करायचे, हे शाळेत असताना वाचलं होतं. तिथून परतल्यावर मी त्यांच्या खोल्यांचा इतिहास वाचत बसलो.

जुलै १९१३. बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन २२ वर्षांचे भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. आधी हार्टली हॉल. तिथलं जेवण मानवेना, म्हणून कॉस्मोपॉलिटन क्लब. मग लिव्हिंग्स्टन हॉल. तिथे त्यांचे रूममेट होते नवल भथेना, एक पारशी विद्यार्थी. तिथे झालेली मैत्री जन्मभर टिकली.

१९१७मध्ये बाबासाहेब मायदेशी परतले आणि शिष्यवृत्तीच्या करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला गेले. परदेशातल्या मुक्कामात आपण अस्पृश्य आहोत हे मनातून पुसलंच गेलं होतं, असं त्यांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहिलं. स्टेशनवर उतरताच पहिला प्रश्न उभा राहिला : राहायचं कुठे? शेवटी ते एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात आले आणि संध्याकाळच्या आत खोली खाली करायला सांगून गेले. बाबासाहेबांनी दोन मित्रांना विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही सबब सांगितली. मुंबईची गाडी रात्री नऊला. तोवरचे तास कोलंबियात शिकलेल्या त्या माणसाने एका बागेत बसून काढले.

भथेनाही पारशी, काठ्या घेऊन आलेलेही पारशी. म्हणजे प्रश्न एका समाजाचा नव्हता. न्यूयॉर्कच्या खोलीत दोन विद्यार्थी राहत होते. बडोद्यात मात्र पदवीला किंमत नव्हती, आधी जात पाहिली जात होती.

पुढे १९२०मध्ये अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला बाबासाहेब लंडनला निघाले. थोडी स्वतःची बचत होती, शाहू महाराजांनी १,५०० रुपये दिले आणि ५,००० रुपये उसने दिले भथेनांनी. जुना रूममेट असा कामी आला.

परदेशात गेलं की जात मागे राहते, असं आपण सहज म्हणतो. बाबासाहेबांच्या मनातून ती काही काळ पुसली गेली, कारण तिथे कुणी विचारत नव्हतं. शंभर वर्षांनी त्याच लंडनमध्ये ती विचारणारा मी होतो. माझ्या हातात काठी नव्हती, फोन होता. एवढाच फरक.

रात्री त्या मुलाला लिहिलं : "तो प्रश्न विचारायला नको होता. माफ कर. खोली अजून रिकामी आहे."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : "खोली मिळाली मला. थँक्स."

गावी गेलो की तळेगाव दाभाड्याला जाणार आहे. बाबासाहेबांचा एक बंगला आमच्याच मावळ तालुक्यात आहे. इतकी वर्षं लोकलने तळेगावावरून पुण्याला ये-जा केली, पण तिथे कधी उतरलो नाही.