साणे : छपरातला उजेड आणि त्याचे मोल

अमरावतीत परक्या माणसाने 'खिडकी कुठे आहे' असे विचारले, तर लोक त्याला एखाद्या घराकडे न नेता परकोटाकडे नेतील. हा परकोट निजामाच्या अमदानीत, १८०७ मध्ये बांधायला घेतला. शहरातल्या सधन व्यापाऱ्यांचे पेंढाऱ्यांपासून रक्षण व्हावे, हा त्याचा हेतू. त्याला पाच दरवाजे आणि चार खिडक्या. खिडकी म्हणजे इथे तटातला लहान दरवाजा, एकट्यादुकट्याने वाकून जाण्याजोगा. त्यांतल्या एकीचे नाव खुनारी खिडकी; १८१८ साली तिच्याजवळ झालेल्या दंग्यात सातशेच्या आसपास माणसे पडली, म्हणून ते नाव पडले असे जुने गॅझेटियर नोंदवते. खिडकी हा शब्द ज्या गावाने अशा रीतीने अनुभवला, त्या गावच्या घरांना रस्त्याकडे उघडणाऱ्या खिडक्या फारशा नसाव्यात, यात आम्हांला नवल वाटत नाही.

वऱ्हाडातले जुने घर बाहेरून आंधळे असते. अमरावती-अकोल्याच्या खेड्यांतून ज्यांनी गढ्या पाहिल्या आहेत, त्यांना वेगळे सांगायला नको. दोन-अडीच हात जाडीच्या मातीच्या भिंती, एक भक्कम दार, आत चौक किंवा अंगण; आणि ज्या खोलीला चौकाचा आधार नाही तिला उजेड वरून, छपरातून. छपरातल्या या उजेडाच्या वाटेला मराठीत साणे असा शब्द आहे. वऱ्हाडीत 'ण'चा 'न' होतो, तेव्हा बोलण्यात ते 'सानं'. आज साहित्याच्या वर्गात हा शब्द फळ्यावर लिहिला तर ओळखणारे किती निघतील, याची आम्हांला शंका आहे. 'धाबे' या शब्दाचीही तीच गत झाली आहे. विद्यार्थ्यांना धाबे म्हटले की महामार्गावरची दालफ्रायच आठवते. 'धाब्याचे घर' म्हणजे सपाट मातीच्या छपराचे घर, ज्याला मराठवाड्यात माळवद म्हणतात, हे समजावून सांगावे लागते.

हे छप्पर तयार कसे होई, हे पाहिल्याशिवाय साण्याची किंमत कळणार नाही. भिंतींवर सागाच्या तुळया, त्यांवर आडवी लाकडे, त्यांवर काटक्या आणि पाला, मग चिखलाचा थर आणि सर्वांत वर पांढरी माती. ही पांढरी माती म्हणजे नुसता रंग नव्हे. आपल्या गावगाड्याच्या भाषेत शेतजमीन ती 'काळी' आणि वस्तीची जागा ती 'पांढरी'. कपाशीची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात हात जाईल एवढी भेगाळते. ती छपरावर घालणे म्हणजे गळती विकत घेणे. पांढरी मात्र दबून बसते, पाणी वाहून जाऊ देते. म्हणून गावाच्या पांढरीतून, विशेषतः पडक्या गढीतून, माती आणून धाब्यावर पसरायची. पांढरी म्हणजे अनेक पिढ्यांची पडलेली घरे, राख, शेण, खापरे यांची झालेली माती. अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार तालुक्यात तुळजापूर गढी म्हणून स्थान आहे. तिथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८४-८५ मध्ये उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाण काळापर्यंतची वस्ती सापडली. म्हणजे वऱ्हाडातला शेतकरी मृगापूर्वी धाब्यावर टोपल्यांनी माती चढवीत होता, तेव्हा तो कुणाच्या तरी दोन-तीन हजार वर्षांपूर्वीच्या भिंती आपल्या डोक्यावर घेत होता. पुरातत्त्वज्ञांना ही गोष्ट फारशी आवडत नाही, आणि त्यांचे बरोबरच आहे.

अशा छपराला भोक ठेवायचे म्हणजे जोखीम पत्करायची. साण्याच्या भोवती मातीचा काठ उंच करून घ्यावा लागे, नाहीतर छपरावरचे पाणी थेट चुलीत. पाऊस आला की कुणीतरी वर चढून साण्यावर टिनाचा तुकडा किंवा फरशी ठेवायची, उघडला की काढायची. वीतभर उजेडाचे हे भाडे रोकडीत नव्हते, कष्टात होते, आणि ते बहुतेक घरातल्या बायका आणि पोरे भरीत. काठ दरवर्षी लिंपणे, वाळवीने खाल्लेले लाकूड बदलणे, मांजर आत पडणे, आणि चोर. घराला बाहेरून खिडकी नाही ती चोरांच्या भयाने. पण छपरात वाट आहेच. म्हणून साणे माणूस शिरणार नाही एवढेच ठेवायचे. किती उजेड घ्यावा याचे माप डोळ्यांच्या गरजेने ठरले नाही, चोराच्या खांद्यांच्या रुंदीने ठरले. वऱ्हाडच्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकाचा इतिहास लिहिताना आडगावची लढाई (२९ नोव्हेंबर १८०३) आणि गाविलगडचा पाडाव (१५ डिसेंबर १८०३) हे सगळे लिहितात. त्या अस्थिर वर्षांनी सामान्य घरातल्या अंधाराचे माप ठरवले, ही गोष्टही त्याच इतिहासाची आहे असे आम्ही मानतो.

साण्याला दुसरे काम होते, धुराचे. चुलीच्या वर साणे असेल तर धूर थोडाफार निघून जाई. 'थोडाफार' हा शब्द आम्ही जाणून वापरतो, कारण जुन्या घरांविषयी हळवे होऊन लिहिण्याची सध्या रीत आहे. मातीची घरे थंड, निसर्गाशी सुसंवादी वगैरे. थंड होती हे खरे. परंतु पावसाळ्यात, साणे झाकलेले असताना, ओल्या पऱ्हाट्यांवर भाकरी थापणाऱ्या बाईला त्या सुसंवादाविषयी कुणी विचारले नाही. तुळयांवरचे काजळ हे लाकडाला कीड लागू देत नाही, असे म्हातारी माणसे अभिमानाने सांगत. तेच काजळ स्वयंपाक करणारीच्या छातीतही जात होते. उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) आपण वऱ्हाडी बोलीसाठी आणि कौतिकच्या जिद्दीसाठी वाचतो, शिकवतो. ती ज्या तऱ्हेच्या घरांतून घडते त्यांच्या अंधाराविषयी मात्र आपल्या वर्गात क्वचितच बोलले जाते. तीच गोष्ट रिद्धपूरची. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ज्या रिद्धपुरात लीळा संकलित केल्या, ते गाव याच अमरावती जिल्ह्यातले. लीळांमधली ओसरी, दार, अंगण ही माणसांच्या हालचालींची जागा म्हणून पुन्हा वाचून पाहावीत, असे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना सुचवत असतो.

आता सूर्याचे गणित. अमरावती आणि अकोला दोन्ही एकविसाव्या अक्षांशाच्या किंचित खाली. त्यामुळे मे महिन्याच्या २४-२५ तारखेच्या सुमारास मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तो योग येतो, पण तेव्हा ढग असतात. मे अखेरचा हा योग नेमका नवतपा सुरू होताना येतो. म्हणजे वर्षातल्या सर्वांत कडक दिवसांत साण्यातून उन्हाचा खांब सरळ उभा जमिनीवर उतरतो. एरवी कवडसा भिंतीवरून सरकत जाई आणि घड्याळ नसलेल्या घराला वेळ सांगे. ग्रहण असले की तोच गोल कवडसा कोरीसारखा होई. छिद्र पुरेसे लहान असले तर त्याचा आकार कसाही असो, कवडसा सूर्याच्या आकाराचा पडतो, हे प्रकाशशास्त्र धाब्याखालच्या पोरांना पुस्तकाआधी माहीत असे. पण याच भूगोलामुळे छपरातल्या खिडकीचा युरोपातला अर्थ इथे लागू पडत नाही. डेन्मार्कमध्ये व्हिलुम कान रासमुसेन यांनी १९४१ साली कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी उतरत्या छपरातली खिडकी बसवली. पुढे ती 'वेलक्स' नावाने जगभर गेली. उत्तरेकडच्या त्या देशात ऊन तिरपे आणि दुर्मिळ, तेव्हा छपराची खिडकी म्हणजे मिळकत. वऱ्हाडात, जिथे पारा पंचेचाळिसावर जातो, तिथे उजेडाबरोबर ऊष्माही घरात येतो आणि त्याला परत पाठवता येत नाही.

हे गिरणीवाल्यांना कळले होते. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीने वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आणले आणि १८६७ पर्यंत रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. कापसाच्या पाठोपाठ यंत्रे आली. कापडगिरण्यांची छपरे जगभर करवतीच्या दातांसारखी असत, आणि आपल्या गोलार्धात त्या दातांची उभी, काचेची बाजू उत्तरेला ठेवीत, म्हणजे उजेड यावा, ऊन येऊ नये. उजेड आणि ऊन वेगळे करण्याची ही युक्ती यंत्रासाठी आणि मालासाठी परवडली. चुलीपुढे बसणारीसाठी ती कुणी केली नाही.

इंग्रज सरकारचे आणि खिडकीचे नातेही पाहण्याजोगे आहे. इंग्लंडमध्ये १६९६ पासून घराच्या खिडक्या मोजून कर घेत. लोक कर चुकवण्यासाठी खिडक्या विटांनी बुजवीत. तो कर १८५१ मध्ये उठला. दोनच वर्षांनी, १८५३ मध्ये, निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. इथे त्यांनी खिडक्यांवर कर बसवला नाही. पण १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला, तेव्हा सरकारने एकदम लोकांच्या छपरांना हात घातला. अंधारी, कोंदट हवा हेच रोगाचे मूळ अशी समजूत असल्याने मुंबईत घरांची कौले काढून ऊन आत सोडण्याची मोहीम झाली. पिसवा आणि उंदीर यांचा संबंध पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवला, आणि तो मान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. प्लेग पुढे वऱ्हाडातही आला आणि लोक गावे सोडून शेतात झोपड्या घालून राहिले. उजेड आरोग्याला हितकर, हा सिद्धांत चुकीचा नव्हता. परंतु ज्या बाईने वर्षानुवर्षे धुरात एक वीत उजेड मागितला, तिला तो मिळाला नाही, आणि जेव्हा मिळाला तेव्हा शिपायाच्या काठीने, छप्पर उचकटून मिळाला. त्या काळच्या जनक्षोभाविषयी आपण पुष्कळ वाचलेले आहे. त्यात या विसंगतीचा उल्लेख आमच्या पाहण्यात नाही.

पुढची हकीकत झपाट्याने सांगता येते. कुंभाराचे कवेलू होतेच; मग मंगलोरी कौल आले, ज्याची सुरुवात बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात केली होती. त्याच मापाचे काचेचे कौल मिळू लागले आणि एक कौल काढून तिथे काचेचे बसवले की झाले. छपरातल्या खिडकीचा इतका स्वस्त आणि सभ्य प्रकार दुसरा नाही. मग टिन आले. टिनाला भोक पाडून पाण्याने भरलेली प्लास्टिकची बाटली बसवण्याची युक्ती ब्राझीलच्या आल्फ्रेदो मोझेर या यंत्रकारागिराने २००२ मध्ये काढली. दिवसा ती चाळीस-साठ वॉटच्या दिव्याइतका उजेड देते. खर्च बाटलीचा आणि चमचाभर ब्लीचचा. आमच्याकडे वीज आली, पुढे गॅस आला, आणि साण्याची दोन्ही कामे संपली. धाबे उतरवून स्लॅब टाकताना साणे राखल्याचे आम्ही पाहिलेले नाही. घरकुल योजनेत सपाट प्रदेशासाठी २०१६ पासून एक लाख वीस हजार रुपये आणि किमान पंचवीस चौरस मीटर जागा असा हिशेब ठरला. त्या रकमेत छपराच्या खिडकीचा विचारही कुणी करणार नाही, आणि न करणाऱ्याला दोष देता येणार नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या नात्यातल्या एका शिक्षक दांपत्याने अमरावतीत घर बांधले. प्लॉटच्या दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. मधली खोली अंधारी राहणार हे नकाशातच दिसत होते. त्यांनी स्लॅबमध्ये झरोका ठेवायचे ठरवले. मिस्त्री म्हणाला, "सर, चांगल्या स्लॅबले भोक कायले पाडता? बल्ब लावा ना." खर्चाचा हिशेब त्याने जमिनीवर खडूने मांडला, तो मात्र शहाणपणाचा होता. स्लॅब टाकण्यापूर्वी ठरवले तर लाकडी चौकट ठेवून भागते; नंतर कापायचे म्हणजे सळया तुटतात आणि खर्च दुप्पट-तिप्पट. भोकाच्या चारी बाजूंना जादा सळई हवी. काच साधी चालणार नाही, दोन थर चिकटवलेली हवी, म्हणजे फुटली तरी अंगावर पडणार नाही. आणि सर्वांत मोठे काम काठाचे : काच स्लॅबच्या पातळीला बसवायची नाही, वीतभर उंच कठडा घेऊन त्यावर बसवायची, नाहीतर पहिल्याच पावसात सगळे पाणी खाली. काचेपेक्षा काठाला पैसे जास्त लागतील, असे त्याने बजावले. आम्ही त्याला साण्याच्या मातीच्या काठाविषयी विचारले. त्याच्या आजीच्या घरी होते म्हणाला. पाऊस आला की झाकायला तोच धाब्यावर चढत असे.

शेवटी त्यांनी काच सपाट न ठेवता कठड्याची उत्तरेची बाजू उभी काचेची केली आणि वरून स्लॅबच ओढून घेतला. गिरणीच्या छपराची ही युक्ती आहे हे त्यांच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हते. मिस्त्रीने ती ऊन टाळण्यासाठी आपल्याच डोक्याने सुचवली होती. मधल्या खोलीत आता दुपारी वाचता येते. कवडसा मात्र पडत नाही.