मुक्कामाची गाडी

आमच्या शाळेची पहिली घंटा घड्याळाप्रमाणे होते, असे दप्तरी नोंदलेले आहे. खरे पाहता ती फाट्यावर लाल गाडी दिसली म्हणजे होते. वर्गातल्या कितीतरी मुली त्या गाडीतून उतरतात. तेव्हा एस्. टी. विषयी लिहिताना मी तटस्थ राहीन, अशी अपेक्षा वाचकांनी ठेवू नये.

१ जून १९४८ रोजी पुणे-नगर रस्त्यावर पहिली गाडी धावली. लाकडी बांधणीची बेडफर्ड; चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. तोवर रस्ता होता खासगी मोटारवाल्यांचा. गाडी भरली की सुटायची, आणि भरली केव्हा म्हणायचे ते मालक ठरवायचा! नवी गाडी मात्र वेळ झाली की सुटे, आत चारच माणसे का असेनात. एस्. टी. चे सारे वैभव यात आहे. आणि तिचे दुखणेही यातच.

१९६० साली महाराष्ट्र झाला, पुढे महामंडळाला आजचे नाव मिळाले, आणि गाडी आडगावांत शिरली. मुक्कामाची गाडी आठवते ना? रात्री पारापाशी यायची. चालक-वाहक गावातच निजायचे. कुणी भाकरी द्यायचे, कुणी पाणी. पहाटे तीच गाडी दूधवाले, कोर्टाची तारीख असलेले, बाळंतपणाला निघालेली लेक, असे सगळे घेऊन तालुक्याला जायची. शहरात शिकणाऱ्या पोराचा डबासुद्धा तिच्यातूनच जाई. डबा पोचला नाही तर पोर उपाशी, हे वाहकालाही ठाऊक असे.

या फेऱ्यांत पैसा नव्हता. तो मिळे लांब पल्ल्याच्या गाड्यांत, आणि त्यातून आडगावची तूट भरून निघे. पुढे आरामगाड्यांनी लांबचा प्रवासी नेला, वडाप नि काळी-पिवळीने जवळचा. एस्. टी. कडे उरल्या तोट्याच्या फेऱ्या, साडेसतरा टक्के प्रवासी कर आणि सवलतींची सरकारकडून उशिरा येणारी भरपाई. मग गाड्या जुन्या झाल्या, पगार लांबू लागले.

२०२१ च्या दिवाळीत बऱ्याच गाड्या थांबल्या. ऑक्टोबरअखेर सुरू झालेला संप एप्रिल २०२२ मध्ये मिटला. मागणी होती शासनात विलीनीकरणाची. त्या काळात काही कर्मचाऱ्यांनी जीव दिले. करोनापूर्वी ताफ्यात सुमारे १८ हजार गाड्या होत्या. नंतर त्या बऱ्याच घटल्या. २०२५ च्या श्वेतपत्रिकेत संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर दाखवला आहे.

तरी गाडीतली गर्दी हटलेली नाही. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट झाला, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट. म्हाताऱ्या आता उगीचच लेकीकडे जाऊन येतात. त्यांना हिशेब कोण विचारणार? १ जून २०२२ रोजी विजेवरची 'शिवाई' पहिल्यांदा धावली, तीही त्याच पुणे-नगर रस्त्यावर.

आमच्या फाट्यावर अजून जुनीच येते. लांबूनच तिचा खडखडाट ऐकू येतो, आणि शिपाई घंटेकडे निघतो.