तारेखालची डिझेल गाडी

पुणे–दौंड मार्गाचं विद्युतीकरण कधी झालं? परीक्षेत हा प्रश्न आला तर उत्तर एका सालात संपतं. संशोधनात मात्र डोकेदुखी तिथूनच सुरू होते. 25 मार्च 2017 रोजी तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या हस्ते या मार्गावर नवी गाडी सुरू झाली, तेव्हा वर विजेच्या तारा ताणून झालेल्या होत्या. आणि खाली आली डेमू, म्हणजे डिझेलवर चालणारी!

लगेच हसू नका. आधी थोडं मागे जाऊ.

पुण्याच्या पूर्वेकडचा हा रूळ 1858 मधला, म्हणजे बोरघाट पूर्ण होण्याच्याही (1863) आधीचा. वीज मात्र आली ती घाटाच्या बाजूने. वाफेच्या इंजिनांना चढ जड जात होता, बोगद्यांत धूर कोंडत होता, मुंबईच्या लोकल वाढत होत्या. म्हणून जीआयपी रेल्वेने ठाकुर्लीला स्वतःचं वीजघर उभारलं आणि 1929-30 च्या सुमारास तारा पुण्यापर्यंत आल्या. 1 जून 1930 ला डेक्कन क्वीन धावली ती याच विजेवर. पुण्याच्या पुढे सपाट प्रदेश, तिथे वाफेचं इंजिन मजेत चालत होतं. त्यामुळे तारा पुण्यात थांबल्या आणि जवळजवळ 87 वर्षं तिथेच थांबून राहिल्या.

यात एक तांत्रिक गाठही आहे. घाटातली वीज 1500 व्होल्ट डीसी होती. 1950 च्या दशकाच्या अखेरीस भारतीय रेल्वेने नव्या कामांसाठी 25 हजार व्होल्ट एसी पद्धत स्वीकारली. म्हणजे पुण्याच्या पुढे जायचं तर जुनी पद्धत वाढवायची की नवी आणून दोन्हींचा सांधा पुण्यात करायचा? माझ्या मते या सांध्याच्या कटकटीचाही त्या थांबण्यात वाटा असणार. पश्चिमेला लोणावळ्याकडे 1978 पासून विजेची लोकल आणि पूर्वेला 75 किलोमीटर डिझेल, असं हे शहर.

आता डेमू. हिच्यात डिझेल इंजिन चाकं थेट फिरवत नाही. ते वीज तयार करतं आणि त्या विजेवर मोटारी चाकं फिरवतात. दोन्ही टोकांना चालकाची केबिन, त्यामुळे दौंडला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडायची खटपट नाही. शिवाय दाराशी पायऱ्या असतात. ही किरकोळ वाटणारी गोष्ट फार महत्त्वाची आहे! मुंबईच्या लोकलला पायऱ्या नसतात, तिला उंच फलाट लागतो. तारा टाकल्या म्हणून फलाट आपोआप उंच होत नाहीत.

मी या गाडीने हडपसर, लोणी, उरुळी, यवत, केडगाव असं बरेचदा फिरलोय. डबा वर्कशॉपमधून दुरुस्त होऊन आला की नव्या रंगाखाली जुन्या रंगाचे थर बोटाला लागतात. सुटताना आधी इंजिनाचा आवाज चढतो, मग गाडी आळसावल्यासारखी हलते. डब्यात दप्तरं, डबे, भाजीच्या पाट्या. आणि रोजचे प्रवासी एकच विषय काढतात: आम्हाला उपनगरी दर्जा कधी? त्यांच्यासाठी तो पास, फेऱ्या आणि रात्री घरी पोचण्याचा प्रश्न असतो.

लंडनमध्ये याच्या उलटा प्रकार घडला. डिस्ट्रिक्ट लाइनवरचे, 1980 च्या आसपास बांधलेले विजेवरचे डबे निवृत्त झाल्यावर विवारेल या कंपनीने त्यांच्या खाली डिझेल जनरेटर बसवले आणि 2019 मध्ये ते बेडफर्ड–ब्लेचली या आडमार्गावर धावू लागले. भुयारी रेल्वेची गाडी डिझेल झाली! 2022 च्या अखेरीस कंपनीच बुडाली आणि ती सेवा बंद पडली. भारतात वाराणसीच्या कारखान्याने नेमकं तिसरंच केलं: जुनी डिझेल इंजिनं विजेवर चालतील अशी बदलली.

डेव्हिड एजर्टन या इतिहासकाराचं ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ नावाचं पुस्तक आहे. तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांवरून न लिहिता वापरावरून लिहा, असा त्याचा आग्रह. आम्हा विज्ञानवाल्यांना हे आधी पचत नाही, कारण आमच्या पाठ्यपुस्तकांत शोध लागला की धडा संपतो. पण ‘विद्युतीकरण’ हा शब्द प्रबंधात वापरताना तुम्ही काय मोजताय, हे ठरवावंच लागतं. तारा उभ्या राहिल्या ती तारीख? सुरक्षा आयुक्तांनी मंजुरी दिली ती? पहिलं विजेचं इंजिन धावलं ती? की यवतचा प्रवासी पहिल्यांदा विजेच्या गाडीने कामावर गेला ती? पहिल्या तिन्ही सरकारी कागदांत शोधता येतात. चौथीसाठी जुनी वेळापत्रकं चाळावी लागतात. मी सुरुवात तिथून करतो: गाडी दौंडला किती वाजता पोचते, परत कधी सुटते, आणि मधली मिनिटं कोणत्या साली कमी झाली.