झडपांवरची काजळी

यंत्राच्या इतिहासात शोधाचा दिवस आवर्जून नोंदला जातो. त्या यंत्राने पुढे साठसत्तर हजार किलोमीटर धावल्यावर काय केले, हे मात्र बहुधा दुरुस्तीच्या कारखान्याबाहेर येत नाही. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारण्याच्या पद्धतीचा इतिहास या दुसऱ्या बाजूनेच पाहावयास हवा.

श्रोतेहो, या पद्धतीने पहिला लौकिक मिळविला तो युद्धात. १९४० साली ब्रिटनच्या आकाशात मेसरश्मिट १०९ हे जर्मन विमान एकाएकी खाली नाक करून सूर मारी, तरी त्याचे एंजिन अडखळत नसे. पाठलाग करणाऱ्या स्पिटफायरच्या कार्ब्युरेटरला ते साधत नसे. १९४१ साली बीट्रिस शिलिंग या अभियंता विदुषीने सुचविलेल्या एका लहानशा सच्छिद्र चकतीने ब्रिटिशांची बरीचशी अडचण दूर केली. एवढ्याशा चकतीचे हे कर्तृत्व विसरण्याजोगे नाही.

१९५४ साली मर्सिडीज-बेन्झ ३०० एसएल ही मोटार हीच पद्धत घेऊन रस्त्यावर आली. परंतु ठिणगी बंद केल्यावरही एंजिन पुरते थांबेपर्यंत तिचा यांत्रिक पंप पेट्रोल सोडीतच राही. ते न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन खाली उतरे आणि वंगण पातळ करी. त्यामुळे तेल वरचेवर बदलावे लागे.

१९९६ साली जपानच्या मित्सुबिशी कंपनीने इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची जोड देऊन ही पद्धत सर्वसामान्य मोटारीत आणली. इंधनाची बचत हा तिचा मोठा गुण. पण आता अडचण नेमकी उलट झाली. पूर्वी पेट्रोल झडपेच्या पाठीवरून आत जाई आणि जाताजाता, त्यात मिसळलेल्या शोधक द्रव्यांच्या साह्याने, तिला धुऊन काढी. ही फुकटची चाकरी कोणी हिशेबात धरली नव्हती. आता झडपेवरून जाऊ लागली ती नुसती हवा. शिवाय एंजिनाच्या पोटातील तेलाची वाफ बाहेर न सोडता पुन्हा आत ओढून घेण्याची व्यवस्था १९६०च्या दशकापासून रूढ झाली होती. बाहेरची हवा स्वच्छ राहावी हा तिचा हेतू योग्यच होता. परंतु ती वाफ, आणि पुन्हा आत वळविलेला धूर, तापलेल्या झडपेवर बसून त्याचा टणक थर होऊ लागला. थर वाढला की हवेची वाट अरुंद होते, थंड एंजिन थरथरते, जोर कमी पडतो. पेट्रोलमध्ये कितीही औषध घाला, ते त्या झडपेपर्यंत पोचतच नाही!

मग कारागिरांनी उपाय काढला तो अक्रोडाच्या कवचांच्या भुग्याचा. हवेच्या नळ्या उतरवून हा भुगा दाबाने झडपांवर मारतात. तो काजळी खरवडतो, पण धातूला सहसा ओरखडा पाडीत नाही. टोयोटाने २००५ साली प्रत्येक सिलिंडरला दोन फवारे दिले, एक आत आणि एक झडपेमागच्या वाटेत. त्यामागे ज्वलन सुधारण्याचा विचारही होता. पण त्यामुळे पेट्रोल पुन्हा झडपेवरून वाहू लागले.