बेबी ऑस्टिनचें वार्धक्य

पहिलें महायुद्ध संपल्यावर इंग्लंडमधील मध्यम वर्गाला मोटारीची ओढ लागली, परंतु मोटारीची किंमत त्याच्या आंवाक्यांत नव्हती. शाळामास्तर, कारकून, लहान दुकानदार हे मोटारसायकलला बाजूगाडी जोडून तींत बायकामुलांना बसवीत, आणि पाऊस आला कीं सारें कुटुंब भिजत घरीं परते. त्यांतच १९२१ सालापासून सरकारनें दर अश्वशक्तीमागें वर्षाला एक पौंड असा कर मोटारीवर बसविला. ही अश्वशक्ति इंजिनाच्या खऱ्या जोरावरून मोजीत नसत. सिलिंडरांचा व्यास आणि त्यांची संख्या एवढ्यावरूनच तिचें गणित होई. फोर्डच्या सुप्रसिद्ध टी गाडीचे सिलिंडर रुंद, म्हणून तिच्या मालकाला वर्षाकाठीं २३ पौंड मोजावे लागत. अशा दिवसांत जी चिमुकली गाडी जन्मास आली, ती पुढें आपल्याकडेहि 'बेबी ऑस्टिन' या लाडक्या नांवानें ओळखली जाऊं लागली.

सर हर्बर्ट ऑस्टिन यांनीं १९०५ सालीं बर्मिंगहॅमजवळ लाँगब्रिज येथें कारखाना काढला होता. युद्धकाळांत तो अफाट वाढला. युद्ध संपतांच मात्र त्याच्या मोठ्या गाडीला पुरेसें गिऱ्हाईक मिळेना, आणि १९२१ सालीं कारखाना रिसीव्हरच्या ताब्यांत गेला. ऑस्टिन तेव्हां पंचावन्न वर्षांचे होते. त्यांचा एकुलता एक मुलगा १९१५ सालीं फ्रान्सच्या रणांगणावर पडलेला. लहान गाडी काढावी हा त्यांचा विचार संचालकांना रुचला नाहीं. तेव्हां त्यांनीं कारखान्यांतील आराखडे काढणाऱ्या मंडळींतून स्टॅन्ली एज नांवाचा अठरा वर्षांचा पोर निवडला, त्याला आपल्या राहत्या घरीं नेलें आणि तेथें बसून दोघांनीं गाडीचे नकाशे तयार केले. खर्च ऑस्टिन यांच्या पदरचा. त्याबद्दल पुढें कारखान्यानें त्यांना दर गाडीमागें दोन गिनी द्याव्या असें ठरलें. इंजिन दोन सिलिंडरांचें असावें असा ऑस्टिन यांचा कल होता. चारच सिलिंडर पाहिजेत, हा आग्रह त्या पोराचा. अनुभवी मालकानें कालच्या पोराचें ऐकलें, ही गोष्ट कारखानदारीच्या इतिहासांत फारशी आढळत नाहीं.

जुलै १९२२ मध्यें ही 'ऑस्टिन सेव्हन' लोकांपुढें आली. किंमत १६५ पौंड. दोन चाकांच्या आंसांमधील अंतर अवघें सहा फूट तीन इंच. पहिलें इंजिन ६९६ घन सेंटिमीटरांचें होतें, तें लौकरच ७४७ चें झालें. सिलिंडर अरुंद आणि दट्ट्याची धांव लांब, त्यामुळें कर पडे केवळ आठ पौंड. लोकांनीं थट्टा पुष्कळ केली. परंतु ज्यानें ती नीट पाहिली त्याला कळून चुकलें कीं, हें खेळणें नसून मोठ्या मोटारीचेंच लहान रूप आहे. पुष्कळशा महागड्या गाड्यांना ज्या काळीं पुढच्या चाकांवर ब्रेक नव्हते, त्या काळीं हिच्या चारी चाकांना ते होते. आतां ते ब्रेक किती लागत, हा प्रश्न निराळा! पायानें दाबायचा तो मागच्या चाकांचा, हातानें ओढायचा तो पुढच्या चाकांचा; दोन्हींची जोड १९३० सालीं झाली, तरीहि उतारावर मालकाचा भरंवसा ब्रेकपेक्षां गिअरवर आणि देवावर अधिक असे.

गाडी तरुण होती तेव्हांपासूनच तिच्या खोडी ठरलेल्या होत्या, आणि तिच्यावरील प्रेमाचें मूळ शोधूं गेल्यास तें या खोडींतच सांपडतें. क्लचच्या पेडलची चाल इतकी तोकडी कीं पाय केसभर उचलला तर गाडी जागची हलेना, आणि आणखी केसभर उचलला कीं बेडकासारखी उडी मारी. मागच्या स्प्रिंगा पाव-लंबगोल जातीच्या. वळणावर गाडी कलली कीं मागचा आंस आपल्याच मतानें थोडा वळे आणि चालकाला सुकाणूवर सारखें लक्ष ठेवावें लागे. पाणी फिरविण्यास पंप नाहीं. तापलेलें पाणी आपोआप वर चढावें आणि निवलेलें खालीं यावें, एवढ्यावरच सारी व्यवस्था. क्रँकदंडाला आधार फक्त दोन टोकांना, मध्यें कांहीं नाहीं. इंजिन जोरानें फिरविलें कीं तो दंड किंचित् लवे, आणि फारच अंगाशीं आणलें तर मोडेहि. त्याला तेल पोंचविण्याची रीत तर अजबच: दोन बारीक तोट्यांतून तेलाची चिळकांडी फिरत्या दंडावर उडे. तोटीत कचरा अडकला कीं बेअरिंग गेलें! म्हणून शहाणा मालक या तोट्या वरचेवर काढून तारेनें साफ करी. १९३६ सालीं कारखान्यानें तिसरें बेअरिंग दिलें, तोंवर लक्षावधि लोक या लवचिक दंडाच्या मर्जीनें वागायला शिकले होते.

एवढ्याशा इंजिनाकडून शर्यतीची अपेक्षा कोण करील? पण ऑस्टिन यांचे जांवई आर्थर वेट यांनीं १९२३ सालीं इटलींतील मॉन्झा येथें लहान गाड्यांची शर्यत जिंकली, आणि १९२८ सालीं ऑस्ट्रेलियांत फिलिप बेटावरील शंभर मैलांची शर्यतहि त्यांनींच मारली. १९२९ सालीं अल्स्टरमधील टूरिस्ट ट्रॉफींत प्रचंड मर्सिडीज पहिली आली हें खरें. पण लहान गाड्यांना सवलत देणाऱ्या त्या शर्यतींत तिसरा व चौथा क्रमांक दोन ऑस्टिन सेव्हन गाड्यांनीं पटकाविला. त्यावरूनच पुढील वर्षीं निघालेल्या शर्यतीच्या बुटक्या, दोन आसनी गाडीस 'अल्स्टर' नांव मिळालें. १९३० सालीं ब्रुकलँड्सवर पांचशें मैलांची शर्यतहि या घराण्यानें जिंकली. जर्मनींत १९२७ पासून डिक्सी या नांवानें हीच गाडी परवान्यावर तयार होत असे. पुढच्या वर्षीं बी. एम्. डब्ल्यू.नें तो कारखाना विकत घेतला आणि त्या बलाढ्य कंपनीची मोटारधंद्यांतील वाटचाल या इंग्रज बाळानें सुरू झाली.

१९३९ सालीं उत्पादन थांबलें तोंवर सुमारें २,९०,००० गाड्या बाहेर पडल्या होत्या. त्यानंतर जें झालें तेंच या हकीगतींतील मर्माचें. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडांत नव्या गाड्या बहुतेक परदेशीं धाडल्या जात. देशांतल्या माणसाला नांव नोंदवून वर्षानुवर्षें थांबावें लागे. अशा वेळीं पडवींत, गोठ्यांत धूळ खात पडलेल्या जुन्या ऑस्टिन तरुणांनीं मिळेल त्या किंमतीस उचलल्या. वरचा साज काढून फेंकला, सांगाडा खालीं बसविला, हातानें पत्रा ठोकून नवें अंग चढविलें. अशा हौशी मंडळींसाठीं '७५० मोटर क्लब' १९३९ सालींच निघाला होता. लंडनमध्यें इंजिनिअरिंग शिकणाऱ्या कॉलिन चॅपमननें १९४८ सालीं अशाच एका जुन्या ऑस्टिनमधून पहिली 'लोटस' उभी केली. न्यूझीलंडमध्यें ब्रूस मॅक्लॅरन या मुलाच्या वडिलांनीं एक मोडकी अल्स्टर सुट्या भागांच्या रूपांत आणली होती. ती जोडून, वयाच्या पंधराव्या वर्षीं, तो पहिल्या स्पर्धेंत उतरला. या दोघांच्या नांवाच्या कंपन्या पुढें जगांतील अव्वल शर्यती जिंकूं लागल्या.

पण या यशाचें दुसरें अंगहि सांगितलें पाहिजे. एकेक 'स्पेशल' उभी राहिली ती एकेका कुटुंबाच्या गाडीचा देह टाकून. पुढें १९६० सालीं जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू झाली, तेव्हां त्या दुबळ्या ब्रेकांपायीं कित्येक भंगारांत गेल्या. मग जागे झालेल्या लोकांनीं मूळ स्वरूपांतल्या गाड्या जपण्याचा ध्यास घेतला, आणि तेव्हांपासून ऑस्टिनच्या भक्तांत दोन पंथ पडले. एकाच्या मतें पडद्याच्या गुंड्यांपासून सारें १९२५ सालीं होतें तसेंच पाहिजे. दुसरा म्हणतो, ही गाडी पहिल्यापासून गरिबाच्या हातोड्याखालीं वाढली. तिला कांचेच्या कपाटांत ठेवणें हाच तिचा खून. दोघांतहि तथ्य आहे, तरी पारडें दुसऱ्याकडे झुकतें असें म्हणावें लागतें. कारण हातोडा चालला नसता तर त्यांतल्या बहुतेक गाड्या गोठ्यांतच गंजून गेल्या असत्या.

लाँगब्रिजच्या रोव्हर कंपनीचें दिवाळें २००५ सालीं वाजलें. त्यानंतर सतरा वर्षांनीं, २०२२ मध्यें, ऑस्टिन सेव्हनची शंभरी साजरी झाली, आणि त्या सोहळ्यांना पुष्कळ गाड्या आपल्या पायांनीं आल्या. सुटे भाग अजून नवे तयार होतात. लहान लहान कारागीर ते करतात. क्रँकदंड मागूं गेल्यास गिऱ्हाइकाला आजहि आधीं एवढेंच विचारतात: दोन बेअरिंगांचा कीं तीन?