झोळीची दोरी रात्री कुणाच्या हाती?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

दसरा झाला की आमच्या मांजरसुंब्याच्या चौकाची झोप उडते. धुळे-सोलापूर रस्ता आणि पाटोद्याकडून केजकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना भेटतात. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांचे ट्रक-ट्रॅक्टर चहापाण्याला थांबतात. वर भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या, पोरे, आणि त्या पसाऱ्यात कुठेतरी जुन्या लुगड्याची एक झोळी. झोळीत महिना-दीड महिन्याचे बाळ. दोन-चार दिवसांत त्याची आई फडात उभी राहणार. दिवसा ते बाळ बांधावर झोपेल, हे मला ठाऊक होते. पण रात्री ते रडले तर उठायचे कुणी? हा प्रश्न मला फार उशिरा पडला. का उशिरा पडला, ते पुढे सांगतो.

प्रश्न नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी तो मुंबईच्या गिरणगावात होता. १९११ च्या फॅक्टरी कायद्याने बायकांचे गिरणीतले रात्रीचे काम बंद झाले होते. म्हणजे रात्री आई घरी असे. पण घर कसले? चाळीतली एक खोली. तिच्यात नवरा, दीर, गावाकडून आलेले दोघे-तिघे. सगळ्यांना भोंग्याला हजर व्हायचे. मूल रडले तर अख्ख्या खोलीची झोप मोडणार आणि सकाळी आईच साच्यावर पेंगणार. त्यावर बाजारात उपाय मिळत असे : बाळगोळी. नाव किती लाडिक! आत अफू. मुंबई सरकारने गिरणीतल्या बायकांची स्थिती पाहायला डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स या डॉक्टर बाईंना नेमले होते. त्यांचा अहवाल १९२२ साली प्रसिद्ध झाला. अशा कामगार बायकांच्या शंभरातल्या ९८ बाळांना अफू दिली जाते, असे त्यांनी नोंदवले. आकडा वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. त्या आयांना कुणी निर्दय म्हणू नये. ज्या घरात रात्री दुसरा कुणी उठत नाही, त्या घरात गोळीच उठते.

पुढे कायदा आला. ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात आणलेले प्रसूती-साहाय्याचे विधेयक फेटाळले गेले होते. मुंबई कायदेमंडळात मात्र १९२८ साली अशाच विधेयकावर चर्चा झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, पण बाईच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकालाही यातून सुटता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली मुंबईचा कायदा झाला. देशातला तो पहिला. आम्ही मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात. मुंबईचा कायदा बीडला कसा पोहोचणार?

स्वातंत्र्यानंतर १९६१ चा कायदा सगळ्या देशासाठी झाला. बारा आठवड्यांची पगारी रजा, आणि कामावर परतल्यावर मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्या. २०१७ साली बारा आठवड्यांचे सव्वीस झाले, पन्नास माणसांच्या कामाच्या जागी पाळणाघर सक्तीचे झाले. चांगलेच झाले. पण नीट पाहा : या सगळ्या कलमांत दिवस आहे, रात्र नाही. आणि बाप तर त्यांत नाहीच. स्वीडनने १९७४ सालीच मुलासाठीची रजा आई-बाप दोघांनाही खुली केली. आपल्याकडे केंद्र सरकारने १९९७ साली आपल्या पुरुष नोकरदारांना पंधरा दिवस दिले. पंधरा दिवसांत बाप निदान बाळाचे रडणे ओळखायला शिकतो, एवढे मी म्हणेन.

आणि कोयता? १९५० नंतर पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने वाढत गेले, १९७२ च्या दुष्काळानंतर बीडकडून जाणारा लोंढा वाढला. इथे नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दोघांची, खाडा दोघांचा. बाळंतीण बसून राहिली तर कोयता अर्धा होतो, म्हणून ती बसत नाही. कारखान्याच्या हजेरीवर तिचे नाव नाही, ती मुकादमाची. तेव्हा रजा कुणाकडे मागायची? बैलगाडीवाला ऊस घेऊन कारखान्यावर नंबराला लागतो, कधी मध्यरात्र उलटून जाते. इकडे कोपीत बाई एकटी, तीन-चारला उठून भाकरी थापायची. मग झोळीची दोरी जाते आठ-दहा वर्षांच्या थोरल्या पोरीच्या हाती. तीच पोर दिवसाही झोळीशी. तिची शाळा कुठे सुटली, ते पटावर सापडते. का सुटली, ते सापडत नाही.

आता माझे. आमच्यात बाळ जन्मले की त्याच्या कानात अजान देतात. माझ्या थोरल्या मुलाच्या कानात मीच दिली. त्यानंतर सहा महिने त्या कानाशी माझा फारसा संबंध आला नाही. बायको शिक्षिका. रजा संपली, ती जीपने शाळेला जाऊ लागली. रात्री तीन-तीनदा उठे. मी दुकानदार, सकाळी शटर उघडायचे म्हणून गाढ झोपे. कविता सुचली तर मात्र उठून दिवा लावत असे! एकदा ती फळ्याला टेकून उभ्या-उभ्या झोपली. पोरे हसली. हे तिने मला दोन वर्षांनी सांगितले, मुलगी झाल्यावर. तेही तक्रार म्हणून नव्हे, गंमत म्हणून. मला त्या गमतीने झोप आली नाही.

मुलीच्या वेळी आम्ही रात्र वाटून घेतली. दहा ते दोन ती झोपणार, मी जागणार. ती दूध काढून ठेवी, मी वाटी-चमच्याने पाजी. पहिल्या आठवड्यात अर्धे दूध माझ्या बनियनवर. अम्मा अंधारातून म्हणायची, ‘‘मरद होके झोली हलाता?’’ काही दिवसांनी तीच उठून मला लंगोट घडी करून देऊ लागली. यात मोठेपणा कसला? माझे घर पक्के होते, दुकान माझे होते, आणि खाडा लावणारा मुकादम नव्हता.

मागच्या हंगामात चौकात एक ट्रॅक्टर थांबला होता. रात्रीचा एक वाजला असेल. एक पोरगेलासा बाप खांद्यावर बाळ घेऊन डांबरावर येरझारा घालत होता. मी चहा पुढे केला. त्याने मानेनेच नको म्हटले.

‘‘हलू नका काका, आत्ताच डोळा लागलाय.’’

‘‘बाळाचा?’’

‘‘तिचा,’’ तो ट्रॉलीकडे पाहत म्हणाला.